घरातील वायफाय मंद का चालते?

मुरबे गावातही मुलांचा अभ्यास, परीक्षांचे अर्ज आता घरच्या वायफायवर होतात. शेवटच्या तारखेस वेग मंदावला की संधी हुकते. म्हणून आपण आधी दोष कोठे आहे ते पाहू.

राउटरला केबलने संगणक जोडून वेग मोजावा व योजनेतील वेगाशी ताडून पाहावा. तेथेच कमी भरला, तर कंपनीकडे तक्रार करावी. तेथे ठीक आणि आतल्या खोलीत कमी असेल, तर अडथळा घरातच आहे. लोखंडी कपाट लहरी अडवते. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतात, २.४ गिगाहर्ट्झच्या दूरवर पोहोचतात, पण वेग कमी. जवळ ५, दूर २.४ निवडावे. एवढे करून पाहावे. महाग योजनेचा विचार मग करावा.