शेअरचा भाव कसा ठरतो?

मीरा-भाईंदरमधील पूनम सागरसारखी दाट वस्ती असो वा मुरबाड तालुक्यातील एखादे खेडे असो, शेअरांच्या भावाचे आकडे आता मोबाईलच्या पडद्यावर मुलांच्याही नजरेस पडतात. ‘कालचा भाव आज का उतरला?’ असा प्रश्न वरच्या इयत्तेत निघाल्यास शिक्षकाने तो टाळू नये. नफा-तोट्याच्या उदाहरणांबरोबर हा विषय सहज घेता येतो.

शेअर म्हणजे कंपनीच्या भांडवलाचा एक भाग. त्याची दर्शनी किंमत ठरलेली असते. बाजारभाव मात्र तिच्याशी बांधलेला नसतो. हे चिठ्ठ्यांनी दाखवावे. तिघा मुलांस विक्रेते करून प्रत्येकाच्या हाती एक चिठ्ठी द्यावी. ते अनुक्रमे १०४, १०६ व ११० रुपये मागतात. दुसरे तिघे १००, ९८ व ९५ रुपयांस घेऊ इच्छितात. सौदा होत नाही. मग कंपनीस मोठे काम मिळाल्याची वार्ता फळ्यावर लिहावी. ती वाचून एक ग्राहक पुढे येतो व पहिल्या दोन चिठ्ठ्या १०४ आणि १०६ रुपयांस घेतो. आता भाव १०६ बोलला जाईल. विकल्या गेल्या दोनच चिठ्ठ्या. परंतु कंपनीचे हजार शेअर असतील, तर ते बाळगणारे सर्वजण आपली मालमत्ता १०६ च्या हिशेबाने मोजू लागतात. कंपनीच्या तिजोरीत या सौद्याने एक पैसाही पडत नाही. पैसा विक्रेत्यास मिळतो. मुलांची समजूत बहुधा येथेच चुकते. शिवाय काम अजून व्हावयाचे आहे. भाव चढला तो पुढील नफ्याच्या अपेक्षेने.

अपेक्षा खोटी ठरली म्हणजे काय होते, हे मुंबईने १८६५ साली पाहिले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकशायरच्या गिरण्यांची भिस्त हिंदुस्थानच्या कापसावर येऊन पडली. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका व कंपन्या रोज निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत चढला. जमीन अजून पाण्यातून वर यावयाची होती! बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण घेऊन कर्जे दिली. कर्जाच्या पैशाने आणखी शेअर घेतले गेले, तेणेकरून भाव चढला, आणि चढलेल्या भावावर आणखी कर्ज मिळाले. गावच्या सावकारानेही असे तारण घेताना दोनदा विचार केला असता.

१८६५ च्या वसंतात युद्ध संपले व कापूस उतरला. १ जुलै हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी अनेकांस पैसे भरता आले नाहीत. बॅक बेचा शेअर २,००० च्या खाली गेला. २,८५० पर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ वर आला, आणि १८६८ साली ती बँकच मोडीत निघाली. पुढे १८७५ मध्ये दलालांनी संघ स्थापला. त्याचाच आजचा मुंबई शेअर बाजार झाला.

हा इतिहास सांगून झाल्यावर चिठ्ठ्यांच्या खेळाकडे परतावे. तिसऱ्या मुलाच्या हाती ११० रुपये मागितलेली चिठ्ठी तशीच उरलेली असते. फळ्यावरची वार्ता पुसून टाकावी व त्या चिठ्ठीचे आता काय येईल, ते वर्गास विचारावे.