मतदारसंघाची रेघ



निवडणूक म्हटली कीं, आपल्या डोळ्यांपुढें मतपेटी, उमेदवार, त्यांच्या मिरवणुकी आणि निकालाच्या दिवशींचा गलबला हीं येतात. परंतु या सर्वांच्या आधीं, बहुधा कोणाच्या नजरेस न पडतां, एक काम उरकलेलें असतें. कोणी तरी नकाशा पुढें घेऊन मतदारसंघांच्या रेघा ओढलेल्या असतात. या रेघांचें सामर्थ्य केवढें असतें हें समजण्यासाठीं प्रथम आपल्या वर्गांतच एक लहानसा प्रयोग करूं.

वर्गांत पंधरा मुलें पांच बाकांवर तीन तीन अशीं बसलीं आहेत. नऊ जणांना हुतुतू खेळावयाचा आहे, सहा जणांना आट्यापाट्या. गुरुजींनीं सांगितलें कीं, प्रत्येक बाकानें बहुमतानें एक प्रतिनिधि निवडावा व त्या पांच प्रतिनिधींनीं खेळ ठरवावा. आतां हुतुतूवाल्यांपैकीं सहा जण दोन बाकांवर एकत्र बसले आणि उरलेले तिघे बाकीच्या तीन बाकांवर एकेकटे बसले, तर त्या तिन्ही बाकांवर आट्यापाट्यांचीं दोन दोन मुलें येतात. म्हणजे तीन बाकें आट्यापाट्यांचीं व दोन हुतुतूचीं! नऊ हरले, सहा जिंकले, आणि खोटें मत तर कोणींहि दिलें नाहीं. हींच मुलें निराळीं बसविलीं, एका बाकावर आट्यापाट्यांचीं दोन व बाकीच्या चारांवर एकेक, तर त्या सहा जणांच्या वाट्यास एकच बाक येतें. मुलें तींच, मतें तींच. बसण्याची जागा तेवढी बदलली.

हा खेळ अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत फार जुना आहे. तेथें प्रत्येक राज्यास स्वतःचें कायदेमंडळ असतें, आणि नेब्रास्का सोडून सर्व राज्यांत त्याचीं दोन सभागृहें असतात. १८१२ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनीं तेथील सिनेटचे मतदारसंघ नव्यानें पाडणाऱ्या कायद्यावर सही केली. एसेक्स परगण्यांतील एक संघ इतका वेडावांकडा निघाला कीं, २६ मार्च १८१२ च्या ‘बोस्टन गॅझेट’ पत्रानें त्याला पंख व नखें जोडून एका अक्राळविक्राळ प्राण्याचें चित्रच छापलें. सॅलॅमँडर नांवाचा पालीसारखा दिसणारा एक प्राणी आहे. त्याच्या नांवाचें शेपूट गव्हर्नरांच्या नांवास लावून ‘गेरीमँडर’ हा शब्द जन्मला, आणि तो आजहि इंग्रजी कोशांत आहे. त्या वर्षीं गेरी यांच्या पक्षास एकंदर मतें विरुद्ध पक्षाहून कमी पडलीं, तरी ४० पैकीं २९ जागा त्यासच मिळाल्या. गेरी स्वतः मात्र गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. बिचारे! स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे हे गृहस्थ पुढें देशाचे उपाध्यक्ष झाले. पण लोकांच्या तोंडीं राहिलें तें त्या चित्रांतील जनावर.

वांकड्या रेघा ओढणें हा अन्यायाचा एक मार्ग झाला. दुसरा याहून सोपा: कांहींच न करणें. टेनेसी राज्याच्या घटनेंत दर दहा वर्षांनीं मतदारांच्या संख्येप्रमाणें जागांची फेरवांटणी करावी असें लिहिलेलें होतें. १९०१ नंतर साठ वर्षें कायदेमंडळानें तें केलें नाहीं. १९०१ सालीं मतदानास पात्र लोक ४,८७,३८० होते. १९६० पर्यंत ते २०,९२,८९१ झाले. लोक खेडीं सोडून मेंफिस, नॅशव्हिल अशा शहरांत गेले. जागा मात्र खेड्यांपाशींच राहिल्या. परिणाम असा कीं, ३७ टक्के मतदार सिनेटच्या ३३ पैकीं २० सभासद निवडीत. आणि ज्यांनीं हें बदलावयाचें, ते सभासद याच जुन्या वांटणीनें निवडून आलेले! स्वतः बसलेली फांदी कोण तोडणार?

शेवटीं चार्ल्स बेकर व इतर नागरिक न्यायालयांत गेले. असल्या राजकीय काटेरी झुडुपांत न्यायालयानें शिरूं नये, असा इशारा न्यायमूर्ति फ्रँकफर्टर यांनीं १९४६ सालींच देऊन ठेवला होता. तथापि २६ मार्च १९६२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध दोन मतांनीं ठरविलें कीं, अशी तक्रार ऐकण्याचा न्यायालयांस अधिकार आहे. (त्या दिवशीं गेरीमँडरच्या चित्रास बरोबर दीडशें वर्षें पुरीं झालीं. योगायोगच!)

मग १५ जून १९६४ रोजीं अलाबामा राज्याचा निकाल लागला. तेथील जेफरसन परगण्यांत ६,३४,८६४ लोक व सिनेटर एक. लाउंड्स परगण्यांत १५,४१७ लोक व सिनेटर एकच. भागाकार करून पहा: लाउंड्सचा एक माणूस जेफरसनच्या सुमारें एकेचाळीस माणसांच्या बरोबरीचा होतो. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनीं निकालांत म्हटलें कीं, कायदेमंडळाचे सभासद माणसांचे प्रतिनिधि असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हत. म्हणून दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ शक्य तितक्या समान लोकसंख्येचे असले पाहिजेत. यावर कोणी विचारील कीं, देशाच्या सिनेटमध्यें लहानमोठ्या प्रत्येक राज्यास दोनच जागा कशा? त्याचें उत्तर निकालांतच आहे. राज्यें एके काळीं स्वतंत्र होतीं व आपसांत करार करून एकत्र आलीं. परगणे हे राज्यानें सोयीसाठीं पाडलेले तुकडे आहेत. गंमत अशी कीं, हेच वॉरन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असतांना, १९४८ सालीं, त्यांनीं आपल्या राज्याच्या अशाच विषम सिनेटची बाजू घेतली होती. आपलें पूर्वींचें मत सोडण्यास धैर्य लागतें, तें त्यांच्यापाशीं होतें.

परंतु लाउंड्सचा आंकडा वाचतांना मला एक गोष्ट बोंचते. त्या परगण्यांत पांचांपैकीं सुमारें चार माणसें कृष्णवर्णीय होतीं, आणि १९६५ च्या आरंभीं त्यांपैकीं एकाचेंहि नांव मतदारयादींत नव्हतें. म्हणजे तो जादा वजनाचा सिनेटर पंधरा हजारांचा नव्हताच. तो मूठभर गोऱ्या मतदारांचा होता. बाकीचे केवळ मोजण्यापुरते होते. त्याच वर्षीं मताधिकाराचा कायदा झाला, तेव्हां त्यांना याद्यांचे दरवाजे उघडले.

आपल्या भारताच्या घटनेंत १७० व्या कलमानें, राज्याच्या विधानसभेंत लोकसंख्या व जागा यांचें प्रमाण राज्यभर शक्य तितकें सारखें असावें, हें १९५० पासूनच लिहिलेलें आहे.

लोकसंख्या सारखी झाली तरी रेघ वांकडी ओढतां येतेच, हें आपण बाकांवर पाहिलें. तेथें तर प्रत्येक बाकावर तीनच मुलें होतीं! पक्षाच्या फायद्यासाठीं ओढलेल्या रेघांचा न्याय देशाच्या न्यायालयांनीं करावयाचा नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें. तो प्रश्न राज्यांकडे राहिला. आयोवा राज्यानें १९८० च्या कायद्यानें नकाशा काढण्याचें काम पक्षांपासून अलिप्त असलेल्या कचेरीकडे दिलें. विद्यमान सभासद कोठें राहतात, मागील निवडणुकींत कोणास किती मतें पडलीं, हें त्या कचेरीनें विचारांत घ्यावयाचें नाहीं. कायदेमंडळ त्या नकाशावर मत देतें, पण पहिली रेघ त्याच्या हातची नसते.

आतां वही घ्या. त्या पंधरा मुलांपैकीं आट्यापाट्यांच्या सहा जणांना एकहि बाक मिळूं नये अशी मांडणी करतां येते काय? आणि ते सहांऐवजीं पांच असते तर?