जुन्या मोटारसायकलचा हेडलाइट

प्रश्न : जुनी मोटारसायकल घेतली. रात्री अकोल्याहून येताना उजेड मंद वाटतो, तरीही समोरचे डिपर मारतात. काय करावे?
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. आधी बल्बचा होल्डर उघडा. पिना काळ्या पडल्या किंवा अर्थिंगची तार सैल असली, तर नवा बल्बही मंदच जळेल. पिना पॉलिश पेपरने घासा, अर्थिंग कसा. बल्ब मूळ वॅटचाच घ्या. जास्त वॅटने होल्डर वितळतो. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका.

मग कोन. टायरमध्ये योग्य हवा भरून, सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी सरळ धरा आणि वर बसा. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढा. डिपरच्या उजेडाचा वरचा काठ रेघेखाली साधारण ५ सेंटिमीटर यायला हवा. हेडलाइटचा स्क्रू सैल करून दिव्याचा कोन बसवा. मागे नेहमी कोणी बसत असेल, तर त्यांनाही बसवूनच तपासा. मागच्या वजनाने उजेड वर चढतो.

हे काम टाळू नका. रस्त्यावर दिवा नसलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या असतात. त्या वेळेत दिसल्या, तरच ब्रेक उपयोगी पडतो.