मुलांचा लठ्ठपणा : दोष कोणाचा?

‘डॉक्टर, आमच्या घराण्यातच जाड अंगाची माणसं. मग पोराचं खाणं तोडून काय उपयोग?’ असे काही पालक विचारतात. ‘हा दिवसभर खातच असतो, जरा धाक दाखवा,’ असे दुसरे सांगतात. एक दोष रक्ताला देतो, दुसरा मुलाला. यात खरे काय, ते आज पाहू.

डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या व्यक्तींची एक पाहणी १९८६ साली प्रसिद्ध झाली. मोठेपणी त्यांच्या अंगाचा बांधा जन्मदात्यांशी जुळत होता, सांभाळणाऱ्या आईवडिलांशी नाही. तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा खरा.

ती काम कशी करते? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. भुकेचा हिशेब तेथे चालतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ‘साठा पुरेसा आहे, आता आवरा’ असा निरोप ते मेंदूला देते. अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांनी १९९४ साली याचे जनुक शोधले. १९९७ मध्ये इंग्लंडमधील एकाच कुटुंबातील दोन मुलांत हे जनुक बिघडलेले आढळले. त्यांची भूक भागतच नसे. त्यांपैकी मुलीला लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर वर्षभरात तिचे वजन १६ किलोंनी उतरले.

असे रुग्ण मात्र फार विरळा. बहुतेक मुलांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. कोणाला भूक जास्त, कोणाला पोट भरल्याची जाणीव उशिरा. ही जनुके आजोबांतही होतीच. पण आजोबा शेतावर पायी जात आणि फराळाचे डबे दिवाळीलाच भरत. नातवाच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात वेफर्सचे पाकीट. बी घराण्याचे, खतपाणी आपले!

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

१) जादा खाण्याने लठ्ठ झालेले मूल सहसा वयाच्या मानाने उंच असते. लठ्ठ मूल बुटके राहत असेल तर थायरॉइड व अन्य संप्रेरकांची तपासणी करावी.

२) पाच वर्षांच्या आतच वजन झपाट्याने वाढले आणि भूक भागतच नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

३) मानेवर काळपट, मखमलीसारखी जाड कातडी दिसल्यास मळ समजून घासत बसू नये. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. रक्तातील साखर तपासून घ्यावी.

घरी काय करावे?

वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नये. वजन आहे तेथे थोपवून उंची वाढू दिली, तरी पुष्कळ साधते. भाकरी, वरण, उसळ, भाजी पोटभर द्यावी. फरसाण, बिस्किटे, गोड पेये घरात साठवूच नयेत. टीव्हीसमोर ताट नको आणि रोज तासभर मैदानी खेळ हवा. नियम साऱ्या घराला एकच असावा. वडिलांनी भजी खायची आणि मुलाने काकडी, हे चालत नाही.

आणि त्याला ‘जाड्या’ म्हणू नका. भूक त्याने मागून घेतलेली नाही. घरात काय आणायचे, हे मात्र आपल्या हाती आहे.