केबल धड, पोर्ट मात्र गायब

प्रश्न : वाळूजच्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी मशीनला यूएसबी-टू-सिरियल केबलने प्रोग्राम पाठवतो. विंडोज 11 चा कॉम्प्युटर आल्यापासून पोर्टच मिळत नाही. केबल खराब झाली का?

उत्तर : बहुधा नाही. असे जुने मशीन आरएस-232 या सिरियल पोर्टवरच बोलते. केबलमधली इवलीशी चिप हा दुभाषा, आणि घोळ सहसा तिच्या ड्रायव्हरचा असतो.

केबल लावून डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’ उघडावे. तिथे ‘पीएल2303एचएक्सए फेज्ड आउट सिन्स 2012’ असा मजकूर दिसला, तर निदान झालेच. प्रोलिफिक कंपनीने ही जुनी चिप नव्या ड्रायव्हरमधून वगळली आहे. तिची नक्कल बसवलेल्या स्वस्त केबलीही यातच अडकतात. अशा वेळी 2008 ची 3.3.2.105 ही जुनी आवृत्ती बसवावी आणि ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये जाऊन यादीतून तीच हाताने निवडावी. काम चालू होते. पण विंडोज अपडेट पुन्हा नवा ड्रायव्हर आणून बसवू शकते.

नकली चिपचा धोका मोठा आहे. 2014 मध्ये एफटीडीआय या अशाच चिप बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरने बनावट चिपचा ओळख क्रमांकच शून्य केला. धडधाकट केबली एका रात्रीत मुक्या झाल्या! ओरड झाल्यावर ते अपडेट मागे घ्यावे लागले.

म्हणून उत्पादन अडत असेल, तर खात्रीच्या दुकानातून अस्सल चिपची केबल घ्यावी. तिला कॉम पोर्टचा क्रमांक वेगळा मिळू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये तो बदलावा आणि बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) मशीनशी जुळवूनच प्रोग्राम पाठवावा.