जॅकेट आधी उलटं करून बघा

हिमालयातल्या सोलंग खोऱ्यात स्की शिकायला गेले, त्या दिवशी ओला, जड बर्फ पडत होता. शिकणारीचा निम्मा वेळ पडण्यात आणि उठण्यात जातो. अंगाच्या उबेने बर्फ वितळतो आणि आपल्याच वजनाखाली कापडात घुसतो. आधी माझ्या खांद्यावरच्या शिवणी ओल्या झाल्या, मग कोपरं, मग कंबर. वारा सुटल्यावर बुटाचं बकल लावायलाही बोटं वळेनात. प्रशिक्षकांनी खाली आणून शेगडीशी बसवलं. दुकानदाराने ‘पक्कं वॉटरप्रूफ’ म्हणून दिलेलं ते जॅकेट उलटं केलं, तर एकाही शिवणीवर पट्टी नव्हती.

कळसूबाई, हरिश्चंद्रगड करून आपल्या जिल्ह्यातल्या मुली आता हिमालयात जातात, म्हणून हे लिहिते आहे. सुई गेली तिथे भोक पडतंच, मग कापड कितीही भारी असो. आतून प्रत्येक शिवणीवर चकचकीत पट्टी चिकटवलेली हवी. काही जॅकेटांत ती फक्त खांद्याला आणि टोपीला असते. बर्फात लोळायचं असेल तर तेवढ्याने भागत नाही.

आम्हा हिवरे बाजारकरांना मिलिमीटर कळतात ते पावसाचे. मोजक्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडूनच गाव सावरलं. जॅकेटच्या लेबलवरचे मिलिमीटर मात्र वेगळे. कापडावर उभ्या नळीत तेवढ्या उंचीचं पाणी भरलं तरी झिरपत नाही, असा त्यांचा अर्थ. १०,००० म्हणजे १० मीटर. स्कीसाठी याच्या खाली जाऊ नका. ओल्या बर्फात २०,००० असेल तर उत्तम.

भावाचं जॅकेट मागून नेऊ नका. ते खांद्यात ढगळ आणि कंबरेखाली घट्ट होतं. गुडघे वाकवून पुढे झुकलं की वर चढतं, पाठ उघडी पडते आणि बर्फ थेट आत. बायकांच्या मापात खाली घेर असतो. आतल्या बाजूला कंबरेभोवती आवळणारी लवचिक झालर आहे का, तेही पाहा. दुकानात नुसतं आरशासमोर उभं राहू नका, वाकून, हात वर करून बघा.

घामाचा विचार तितकाच करा. काखेखाली उघडणारी चेन हवी. आत सुती कुर्ता नको आणि सुती अंतर्वस्त्रंही नकोत, हे मुलींना कुणी मोकळेपणी सांगत नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि जरा थांबलं की तोच गारठवतो. लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं घाला.

परत आल्यावर जॅकेट पत्र्याच्या खोलीत ट्रंकेत कोंबू नका. उन्हाळ्याच्या उष्णतेने आतला थर चिकट होऊन सोलवटतो. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. बाहेरून पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळलं पाहिजे. ते पसरायला लागलं, तर धुऊन, लेबलवर परवानगी असेल तरच मंद इस्त्री फिरवा. तरी जमलं नाही तर पाणी झटकणारा स्प्रे मिळतो.

निघण्याआधी घरीच परीक्षा घ्या. आत फिक्या रंगाचा सुती शर्ट घालून मोठ्या घमेल्यात उभ्या राहा आणि खांद्यांवरून सावकाश बादलीभर पाणी ओतायला सांगा. ओल कुठे उमटली ते लगेच दिसतं, आणि घमेल्यातलं पाणी झाडांना होतं. ओलं करून पाहिलेलं जॅकेट परत घेणार का, हे दुकानदाराशी खरेदीच्या वेळीच बोलून ठेवा आणि पावती जपा.