दारं धरणाऱ्याकडे बघावं

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, पुण्याच्या वाट्याला एफसी पुणे सिटी आली, आणि पुढचे पाच हंगाम आम्ही भोर-वेल्ह्याची सात-आठ माणसं बालेवाडीला जात राहिलो. निम्मे शिरवळच्या कंपन्यांत पाळीवर काम करणारे, दोघं घरची शेती बघणारे, आणि एक निवृत्त पीटीचे मास्तर. आम्ही भोरहून कापूरहोळला येऊन हायवेला लागायचो. वेल्ह्याचा मित्र मार्गासनीवरून उतरून नसरापूर फाट्यावर उभा असायचा. वेल्हे आता सरकारदरबारी राजगड तालुका झालाय, पण आमच्यात तो वेल्हेकरच. तिथून कात्रजचा नवा बोगदा, वारजे, चांदणी चौक, बालेवाडी. सामना नव्वद मिनिटांचा. वाद मात्र जाताना सुरू झालेला परत येताना खेड-शिवापूरच्या चहापर्यंत पुरायचा. मधल्या फळीत कोण खरा, आघाडीवर पोरांना संधी द्यायची की परदेशी गडी खेळवायचे, याच्यावर आम्ही अक्षरशः घसे बसवून घेतले. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतोय.

१. टीव्हीवर चेंडू दिसतो, मैदानावर माणूस दिसतो.

हे मला मास्तरांनी शिकवलं. २०१७-१८च्या हंगामातली गोष्ट. गोव्याचा आदिल खान तेव्हा पुण्याच्या मधल्या फळीत खेळायचा. मी गाडीत म्हणालो होतो, हा दिवसभर करतो काय, पुढं तर कधी जातच नाही. मास्तर काही बोलले नाहीत. सामना सुरू झाल्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "दहा मिनिटं चेंडूकडं बघायचं नाही. फक्त आदिलकडं बघ."

अवघड गेलं. स्टेडियमभर आरडाओरडा चालू, आणि आपण एका माणसावर नजर लावून बसायचं. पण पाचव्या-सहाव्या मिनिटाला दिसायला लागलं. हा माणूस दर थोड्या वेळानं मान वळवून पाठीमागं बघत होता. आधी उजवीकडं, मग डावीकडं. चेंडू लांब दुसऱ्या टोकाला असताना दोन पावलं सरकून उभा राहायचा, आणि तो तिथं उभा आहे म्हणून समोरच्याला सरळ पास देता यायचा नाही. तो चेंडू आडवा द्यायचा. आदिल सेंटर बॅकला हातानं खूण करायचा, पुढं ये, मागं जा. त्या दहा मिनिटांत त्याच्या पायाला चेंडू फार तर पाच-सहा वेळा लागला असेल. टीव्हीवर पाहिलं असतं तर मी पुन्हा तेच म्हणालो असतो, हा करतो काय.

तेव्हापासून कुणी मला म्हणालं की अमका मिडफिल्डर बेकार आहे, तर मी पहिलं विचारतो, मैदानावर बघितलास का.

२. मधल्या फळीतला माणूस म्हणजे दारं धरणारा.

आमचं नीरेच्या काठाला भाताचं खाचर आहे. भात निघाल्यावर तिथं गहू करतो. भाटघर धरण आमच्या उशाशी, पण त्याचं पाणी खाली फलटण-बारामतीकडं जातं. आम्ही नदीतून मोटारीनं उचलतो. शेतीची लाईट बहुतेक रात्रीची, म्हणून दारं धरायचं, म्हणजे वाफ्यांना पाणी द्यायचं, कामही रात्रीचं. लहानपणी मी नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागं बॅटरी धरून जायचो. खांद्यावर खोरं, पँट गुडघ्यापर्यंत वर, पौष महिन्याची थंडी, आणि पाटातून येणारं पाणी पायाला लागलं की अंगावर काटा.

नानांनी मला तेव्हा एक गोष्ट चार वेळा बजावली होती. वाफा भरत आला की पुढच्या वाफ्याचं दार आधी फोडायचं, मग ह्याचं बांधायचं. उलटं केलंस तर पाणी जाणार कुठं? पाट फुटणार, आणि एकदा पाट फुटला की रात्रीत निम्मं रान वाहून जातं. म्हणजे पाणी ह्या वाफ्यात असताना नजर पुढच्या वाफ्यावर पाहिजे.

हे मला बालेवाडीला मार्को स्टँकोविचला बघताना आठवलं. ऑस्ट्रियाचा हा मिडफिल्डर, पळण्यात आमच्या पोरांच्या मागं पडायचा. आमच्यातल्या दोघांना तो म्हातारा वाटायचा. पण चेंडू त्याच्याकडं यायच्या आधीच त्याला पुढचं दार कुठलं ते माहीत असायचं. चेंडू पायाशी आला की एक स्पर्श, दुसऱ्याला पास, काम झालं. मी गाडीत हे नानांच्या दारं धरण्यावरून सांगितलं आणि शेती करणारे दोघं एकदम गप्प झाले. त्यांना पटलं. कंपनीवाल्यांना पटायला आणखी दोन सामने गेले.

गहू चांगला आला की लोक म्हणतात बियाणं चांगलं, खत चांगलं, पाऊसपाणी चांगलं. दारं कुणी धरली हे कुणी विचारत नाही. पाट फुटला तर मात्र पहिला प्रश्न तोच असतो, दाराला कोण होतं? मधल्या फळीतल्या माणसाच्या नशिबी अगदी हेच. गोल झाला की स्ट्रायकरचं नाव, गोल खाल्ला की ह्याचं. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि याच्यावर मी आजही भांडायला तयार आहे.

३. आघाडीवरच्या पोराला पहिली दोन वर्षं आकड्यात मोजू नये.

२०१७-१८ला पुण्याचे गोल कुणी केले विचारलं तर कुणीही सांगेल, एमिलियानो अल्फारो ९, मार्सेलिन्यो ८. पुणे चौथ्या क्रमांकावर राहून पहिल्यांदा आणि शेवटचं उपांत्य फेरीत गेलं, ते मोठ्या अंशी ह्या दोघांमुळं. माझं म्हणणं होतं, हे दोघं आहेत तर पोरांना कशाला खेळवायचं?

वेल्हेकराचा जीव आशिक कुरुनियानवर. केरळातल्या मलप्पुरमचा पोरगा, पुणे एफसीच्या अकादमीत घडलेला, स्पेनच्या व्हिलारिअलकडं काही काळ जाऊन दुखापत घेऊन परत आलेला. डाव्या बाजूनं असा सुटायचा की बॅकला वळावंच लागायचं. पण शेवटचा पास चुकायचा, नाहीतर फटका वरून जायचा. मी म्हणायचो, "काय उपयोग त्या पळण्याचा?" वेल्हेकर शांतपणे म्हणायचा, "दादा, त्याच्यामागं दोन माणसं ओढली जातात. मधी जागा कुणाला मिळते ते बघ."

ती जागा अल्फारोला मिळत होती. मला दिसायला वर्ष गेलं.

६ जानेवारी २०१९. अबू धाबीत आशियाई चषकात भारतानं थायलंडला ४-१ हरवलं. त्या सामन्यात सुनील छेत्रीच्या जोडीला सुरुवातीपासून आशिक होता. मी पाळीवरून सुटून बसमध्ये मोबाईलवर बघत होतो. सामना संपल्यावर वेल्हेकराला फोन लावला आणि एवढंच म्हणालो, "तुझं बरोबर होतं." तो हसला नाही की चिडवलं नाही. म्हणाला, "पोरगं अजून शिकतंय."

४. एकाला मोठं करायला दुसऱ्याला लहान करू नये.

आमच्या वादांत सगळ्यात वाईट वाद हेच. स्टँकोविच चांगला म्हणायचं तर आदिल वाईट ठरवायचा. वयाच्या, उंचीच्या, राज्याच्या गोष्टी निघायच्या. एकदा तर बोलाचाली इतकी वाढली की परतीला दोघं वेगळ्या गाडीनं गेले. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी दोघांना घरी बोलावून चहा पाजला. खेळाडू कुठला याच्यावरून बोललेलं मास्तरांना अजिबात खपायचं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं.

५. कोवळ्या पोराचं नाव घेऊन बाहेरून ओरडू नये.

हे मी फार महागात शिकलो.

दिवाळीनंतर भात निघालं की आमच्याकडं दोन खाचरांमधला बांध थोडा सपाट करून पोरं मैदान करतात. भाताची धसकटं पायाला टोचतात, चेंडू कुठल्या बाजूला उडी घेईल ते सांगता येत नाही, गोलाला बांबू. आमच्या गावच्या संघात एक सतरा वर्षांचा पोरगा उजव्या बाजूला खेळायचा. वेग असा की बघत राहावं. शेजारच्या गावाशी सामना होता. समोर फक्त गोलरक्षक असताना त्यानं दोनदा चेंडू बाहेर मारला. मी बांधावर उभा होतो. मी त्याचं नाव घेऊन ओरडलो, सगळ्यांच्या देखत. काय बोललो ते इथं लिहीत नाही. बरोबरची चार माणसं हसली.

त्यानंतर चेंडू आला की तो लगेच दुसऱ्याला देऊन टाकायला लागला. फटका मारायचाच नाही. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी त्याच्या घरी गेलो तर आई म्हणाली, "रानात गेलाय." तो घरातच होता, त्याच्या चपला दारात होत्या. मी तरी काय बोलणार होतो? परत आलो.

बालेवाडीला हजारो माणसांत आपला आवाज खेळाडूपर्यंत पोचत नाही, म्हणून तिथं सवय लागते. गावच्या खाचरात प्रत्येक शब्द पोचतो. आता कुणा पोरानं गोल घालवला तर मी तोंड बंद ठेवतो, आणि सामना संपल्यावर पाण्याची बाटली घेऊन जवळ जातो.

६. कबड्डीवाल्याला फुटबॉल लवकर कळतो.

आमच्या दोन्ही तालुक्यांत खरा खेळ कबड्डी. ज्यानं कव्हरला उभं राहून चढाईपटूची वाट अडवलीय, त्याला बचाव करणाऱ्या मिडफिल्डरचं काम दोन वाक्यांत समजतं. पकड कोपऱ्याच्या नावावर लागते, पण चढाईपटूला त्या कोपऱ्यात ढकललेलं असतं कव्हरनं.

७. मोठ्या दिवशी गोल कुणाकडून येईल ते सांगता येत नाही.

ऑक्टोबर २०१७मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला. आमचं सगळं लक्ष आघाडीवरच्या अनिकेत जाधवकडं. कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत तयार झालेला, आपल्या मातीतला पोरगा विश्वचषकात. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाशी सामना होता. आम्ही भोरला एकाच्या माडीवर जमलो होतो. भारताचा कॉर्नर आला तेव्हाही आम्ही अनिकेतलाच शोधत होतो. संजीव स्टॅलिननं कॉर्नर मारला आणि डोकं लावलं ते जॅक्सन सिंगनं, मणिपूरच्या मिडफिल्डरनं. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. सामना आपण १-२ हरलो, पण त्या रात्री माडीवर कुणाला झोप आली नाही. अनिकेतवरून वाद घालत बसलेले आम्ही सगळे जॅक्सनचं नाव नीट कसं म्हणायचं ते एकमेकांना विचारत होतो.

८. संघ जातो. माणसं उरतात.

७ मार्च २०१८ला बालेवाडीत बंगळूरुविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना ०-० सुटला. ११ मार्चला बंगळूरुत त्यांच्याकडून खेळणाऱ्या छेत्रीनं तीन गोल केले. आपल्या जोनाटन लुकाची फ्री किक ८२व्या मिनिटाला आत गेली तेव्हा २-१ झालं होतं, आणखी एक झाला असता तर बाहेरच्या मैदानावरच्या गोलाच्या जोरावर आपण अंतिम फेरीत असतो. ८९व्या मिनिटाला छेत्रीचा तिसरा आला. आमच्याकडं कुणी टीव्ही बंद केला नाही, कुणी उठलंही नाही.

पुढचा हंगाम खेळून २०१९मध्ये पुणे सिटी बंद झाली आणि लीगमध्ये तिची जागा हैदराबादनं घेतली. पाच वर्षं ज्या रंगासाठी भांडलो तो रंगच उरला नाही. मला राग आला, अजूनही येतो. आदिल, स्टँकोविच, मार्सेलिन्यो हैदराबादकडं गेले, आशिक बंगळूरुकडं. काही महिने आम्ही फुटबॉलचं नावच काढलं नाही. नंतर एक दिवस वेल्हेकराचा फोन आला, "हैदराबादचा सामना लावलाय, येताय का?"

२० मार्च २०२२. हैदराबाद आणि केरळा ब्लास्टर्स, गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामना. त्या हंगामात अनिकेत जाधवही हैदराबादकडं होता, म्हणून आमचा जीव तिकडंच. आम्ही सगळे आमच्या घरी जमलो. नाना कोपऱ्यात खुर्चीवर. त्यांनी आयुष्यात कधी फुटबॉलचा सामना पूर्ण पाहिलेला नाही. बराच वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, "ह्यातला दारं धरणारा कुठला रं?"

मी हैदराबादचा कर्णधार, ब्राझीलचा जोआओ व्हिक्टर दाखवला. नाना त्याच्याकडं बघत राहिले. ६८व्या मिनिटाला केरळच्या राहुलनं गोल केला, घर शांत झालं. ८८व्या मिनिटाला बदली म्हणून आलेल्या गोव्याच्या साहिल तवोरानं लांबून चेंडू जाळ्यात मारला आणि आम्ही सगळे उड्या मारत एकमेकांच्या गळ्यात पडलो. वेल्हेकरानं मास्तरांना उचललंच. पुढं पेनल्टींवर लक्ष्मीकांत कट्टीमणीनं तीन फटके अडवले आणि हैदराबाद जिंकलं. पण ते नंतर.

बरोबरीच्या त्या गोलानंतर आरडाओरडा जरा कमी झाला तशी नानांनी माझी बाही ओढली. "आणि गोल झाला तवा त्यो दारं धरणारा कुठं हुबा व्हता?"

मी वेल्हेकराकडं बघितलं, त्यानं मास्तरांकडं. मास्तरांनी मान हलवली. आमच्यातल्या कुणीच बघितलं नव्हतं.

"गोलाकडं धावला न्हाई त्यो," नाना म्हणाले. "मागं वळून बघत व्हता."